दूर्वा, गोल्फ आणि बकुळीची सावली

आपण गणपतीला वाहतो ती दूर्वा, जिच्या नावाने शेतकरी कपाळाला हात लावतो ती हरळी, आणि उष्ण देशांतल्या गोल्फच्या मैदानांवर ज्याची हिरवळ मोठ्या निगुतीने राखतात ते बर्म्युडा गवत, ही एकाच वनस्पतीची तीन नावे आहेत. शास्त्रज्ञ तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात. (बर्म्युडा बेटांशी तिचा मूळचा काही संबंध नाही, नावे अशीच पडतात.) सारसबागेत गेलात तर देवापुढे दूर्वांच्या जुड्या दिसतात आणि बाहेर हिरवळीवर माणसे बसलेली दिसतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

मित्रांनो, या लेखात मला हिरवळीविषयी आणि झाडांविषयी बोलायचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्हांला ते तपासता येईल. पुण्यासारख्या हवेत झाडाखाली हिरवळीचा हट्ट धरणे चूक आहे. आणि झाड व हिरवळ यांपैकी एकच राखता येत असेल, तर झाड राखावे. थंड देशांतल्या मैदानांचे तज्ज्ञ याच्या अगदी उलट सांगतात. गंमत म्हणजे तेही बरोबरच सांगतात. हे कसे, ते समजायला वनस्पतिशास्त्राइतकेच पदार्थविज्ञानही लागते, म्हणून मी हा विषय घेतला.

गोल्फ हा खेळ वाढला स्कॉटलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर. सेंट अँड्र्यूज येथील जुने मैदान जगप्रसिद्ध आहे. तिथली जमीन वाळूची, वारा सतत वाहणारा आणि झाडे जवळजवळ नाहीतच. पूर्वी ससे आणि मेंढ्या चरून तिथले गवत आखूड ठेवीत. यंत्रे पुष्कळ नंतर आली. तिथली गवते म्हणजे फेस्क्यू आणि बेंट. त्यांची पाने १५ ते २४ अंश सेल्सिअसला जोमाने वाढतात, तर आपली हरळी २७ ते ३५ अंशांना. म्हणजे जो उन्हाळा बेंट गवताला नकोसा होतो, तोच हरळीला मानवतो.

आता सूर्याकडे वळू. सेंट अँड्र्यूज साधारण ५६ उत्तर अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरा अंशांवर. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेला साडेतेवीस अंश सरकलेला असतो. त्या दिवशी भर मध्यान्ही सूर्याची क्षितिजापासूनची उंची पुण्यात ४८ अंश असते. सेंट अँड्र्यूजला ती जेमतेम १० अंश भरते. १० मीटर उंचीच्या झाडाची सावली किती पडेल? नववी-दहावीच्या मुलांना त्रिकोणमिती येते. उंचीला त्या कोनाच्या टॅन्जंटने भागा. पुण्यात उत्तर येते ९ मीटर. सेंट अँड्र्यूजला येते ५५ मीटर! आणि ही दिवसातली सर्वांत आखूड सावली बरे का. सकाळ-संध्याकाळची तर विचारूच नका.

एवढ्या एका आकड्यावरून थंड देशातल्या माळ्याची अडचण कळते. मैदानाच्या दक्षिणेला एक ओळ झाडे असली, तर हिवाळ्यात सगळे मैदान दिवसभर अंधारात राहते. जमीन गोठलेली राहते, पाने ओली राहतात, ओलीवर बुरशी चढते. म्हणून तिकडचे जाणकार सांगतात की हिरवळीवर सकाळचे ऊन पडलेच पाहिजे आणि वारा खेळलाच पाहिजे. आड येणारे झाड काढा. अमेरिकेत पिट्सबर्गजवळ ओकमाँट नावाचे जुने मैदान आहे. तिथे मधल्या काळात शोभेसाठी लावलेली हजारो झाडे १९९० च्या दशकापासून पुढे काढून टाकण्यात आली. सभासदांची ओरड होऊ नये म्हणून सुरुवातीला हे काम भल्या पहाटे उरकले जाई. मैदान मूळचे उघडे होते तसे पुन्हा झाले आणि गवतही सुधारले. सरसकट झाडे तोडणारे लोक मला आवडत नाहीत, पण त्या जागी, त्या अक्षांशावर, त्या गवतासाठी त्यांचा हिशेब चुकला असे मला म्हणवत नाही.

दवाची गोष्टही इथेच सांगतो, कारण ती तुम्हांला स्वतः पाहता येईल. डिसेंबरात पहाटे एखाद्या बागेत जा. मोकळ्या हिरवळीवर दव पडून चप्पल ओली होते. पण शेजारच्या झाडाखाली हात फिरवा, तिथे पुष्कळदा कोरडे असते. दव पावसासारखे वरून पडते आणि झाड ते अडवते, असे समजू नका. प्रत्येक वस्तू उष्णतेचे किरण सतत बाहेर टाकते. मोकळ्या जागेतले पाते ते आकाशाकडे टाकते आणि निरभ्र आकाशाकडून त्याला फार थोडे परत मिळते. त्यामुळे पाते भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि हवेतली वाफ त्यावर जमते. झाडाखालच्या पात्याला आकाशाऐवजी झाडाची पाने ‘दिसतात’. ती जवळजवळ तितकेच किरण परत पाठवतात. विल्यम वेल्स नावाच्या डॉक्टराने लंडनमध्ये रात्र-रात्र उघड्यावर लोकरीचे पुंजके तोलून हे कोडे उलगडले आणि १८१४ साली त्यावर पुस्तक लिहिले.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी काही हिवाळ्यांत गवतावर दव गोठल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ‘महाबळेश्वर शून्यावर’ असा मथळा देण्याचा मोह वार्ताहराला होतो. पण हवेचे तापमान त्या वेळी चार-सहा अंश असू शकते. शून्याखाली जाते ते उघड्यावरचे पाते. तलावाकाठची सखल, मोकळी जागा आणि रात्री उतारावरून तिथे येऊन साचणारी थंड हवा यांचा हा परिणाम आहे. थोड्याच अंतरावर दाट झाडीत बर्फाचा कणही नसतो. पुण्याच्या कृषिहवामान विभागाचे पहिले प्रमुख एल. ए. रामदास यांनी तर १९३२ च्या सुमारास एक अजब गोष्ट दाखवली होती. शांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवर हवेचा सर्वांत थंड थर अगदी जमिनीलगत नसून काही डेसिमीटर वर असू शकतो, ही ती गोष्ट. त्या निरीक्षणावर लोकांचा बरीच वर्षे विश्वास बसेना. पुढे ते खरे ठरले. जमिनीलगतच्या दोन-तीन फुटांत किती विज्ञान भरले आहे पाहा.

थंड देशात हे दवच माळ्याच्या पाठीस लागते. ब्रिटनमध्ये सकाळी लांब, लवचीक काठी गवतावरून फिरवून दव झाडण्याची जुनी पद्धत आहे. पाने लवकर सुकली की बुरशी कमी होते. दव गोठले असेल तर खेळच थांबवतात, कारण गोठलेल्या पात्यावर पाय पडला की पेशी फुटतात आणि पावलांचे ठसे पुढे तपकिरी उमटतात.

आता आपल्याकडे येऊ. ‘इंग्लंडमध्ये सारखा पाऊस पडतो, म्हणून तिकडे सगळीकडे हिरवेगार’, असे आपण ऐकतो. आकडे काय सांगतात? लंडनला वर्षाकाठी सरासरी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यात ७०० मिलिमीटरांहून अधिक! पुण्याचा पाऊस लंडनपेक्षा जास्त आहे. मग तिकडची हिरवळ बारा महिने टिकते आणि आपली जानेवारीपासून पिवळी का पडते? कारण लंडनचा पाऊस वर्षभर थोडा-थोडा वाटून पडतो आणि ऊन सौम्य असल्याने जमिनीतून उडतो कमी. आपला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने जमिनीला तोंड कोरडे ठेवावे लागते. हिरव्यागार हिरवळीचे जे चित्र आपण चित्रपटांत आणि क्रिकेटच्या सामन्यांत पाहतो, ते मुळात त्या पावसाचे चित्र आहे. ते इथे उमटवायचे तर पाऊस नळातून आणावा लागतो.

किती आणावा लागतो, त्याचा हिशेब सोपा आहे. पुण्याच्या उन्हाळ्यात सतत ओल्या ठेवलेल्या हिरवळीतून रोज ५ मिलिमीटर पाणी उडते असे धरा. ऐन मे महिन्यात याहून जास्तच उडेल. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. एका गुंठ्यात १०१ चौरस मीटर. म्हणजे गुंठाभर हिरवळीला रोज सुमारे ५०० लिटर पाणी लागते. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हा सरकारी मानदंड आहे. म्हणजे गुंठाभर गवत जवळजवळ चार माणसांचे पाणी पिते. अठरा खळग्यांचे गोल्फचे मैदान साधारण ५० हेक्टरांचे असते. त्यातली निम्मी जागा जरी अशी भिजवायची म्हटली, तरी रोजचे साडेबारा लाख लिटर होतात. उन्हाळ्यात आमच्या पेठेत पाणी एका वेळेला आले की बादल्या भरून ठेवणाऱ्या घरांना हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही.

पाणी उडते त्याबरोबर उष्णताही जाते, हे खरे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते, म्हणून ओली हिरवळ थंड लागते. पण हेच काम झाड अधिक चांगले करते. त्याच्या पानांचे एकावर एक असे अनेक थर असतात, मुळे दूरवरची ओल शोधतात, आणि ऊन जमिनीवर पोचण्यापूर्वीच ते वरच्या वर अडवते. हिरवळीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर ऊन असतेच. झाडाखाली बसलेल्याच्या डोक्यावर ते नसते. इतकी साधी गोष्ट आहे.

मग पुण्यात हिरवळ नकोच का? तसे मी म्हणत नाही. खेळायच्या मैदानावर गवत हवेच. पडले तर गुडघा फुटत नाही, धूळ उडत नाही, पावसात माती वाहून जात नाही. आणि त्यासाठी आपल्याकडे हरळीसारखे दुसरे गवत नाही. गहू, भात, बेंट, फेस्क्यू या वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड एका विशिष्ट प्रथिनाच्या मदतीने सरळ पकडतात. हवा तापली की ते प्रथिन घोटाळा करू लागते. कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच पकडते आणि केलेली कमाई वाया जाते. ऊस, ज्वारी, बाजरी, मका आणि हरळी यांनी यावर तोड काढली आहे. त्या आधी कार्बन डायऑक्साइड दुसऱ्या मार्गाने गोळा करतात, आतल्या पेशींत दाटीने साठवतात आणि मग त्या प्रथिनाच्या हवाली करतात. ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ साली हा मार्ग उलगडून दाखवला. त्याला सी-४ मार्ग म्हणतात. आपला शेतकरी गहू रब्बीच्या थंडीत घेतो आणि बाजरी खरिपात घेतो, त्यामागे हाही एक भाग आहे.

मात्र या मार्गाला जादा ऊर्जा लागते आणि ऊर्जा येते उन्हातून. भर उन्हात हा जादा खर्च सहज परवडतो. सावलीत परवडत नाही. म्हणून उन्हात दगडाच्या फटीतून वर येणारी, खणून काढली तरी एका पेरापासून पुन्हा पसरणारी हरळी सावलीत मात्र रोडावते. जे गवत आपल्या हवेत सर्वांत चिवट, तेच सावलीचे वैरी! झाडाखालच्या हिरवळीची सारी अडचण या एका वाक्यात आहे.

शिवाय झाडाखालचा प्रकाश नुसता कमी असतो असे नाही, तो वेगळाही असतो. पाने तांबडा आणि निळा प्रकाश खाऊन टाकतात; तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा प्रकाश खाली सोडतात. गवताला त्यावरून कळते की डोक्यावर कोणीतरी आहे, आणि ते उजेड शोधत उंच, बारीक, फिकट वाढते. पायाखाली आले की मोडते. (झाडाखाली जमिनीवर पडणारे उन्हाचे कवडसे गोल का असतात, याचा कधी विचार केलात का? पानांमधली फट वेडीवाकडी असली तरी कवडसा गोलच. कारण तो सूर्याची प्रतिमा असतो. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात पुण्यात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते.)

सगळी झाडे सारखी नसतात हेही सांगायला हवे. वड, आंबा, बकुळ यांची सावली दाट. बाभळीची सावली जाळीदार, तिच्याखाली गवत बऱ्यापैकी तगते. पुण्याच्या रस्त्यांवर दिसणारा पर्जन्यवृक्ष तर संध्याकाळी आणि अंधारून आल्यावर आपल्या पर्णिका मिटून घेतो, त्यामुळे पाऊस सरळ खाली पडतो. त्याच्याखालचे गवत पुष्कळदा उघड्यावरच्यापेक्षाही हिरवे असते.

हे सारे मला लिहावेसे वाटले त्याला एक निमित्त आहे. सदाशिव पेठेत वाडे गेले आणि त्या जागी इमारती आल्या. इमारतीपुढे दोन खोल्यांएवढी जागा उरते, तिच्यात फरशी तरी बसते नाहीतर हिरवळ तरी अंथरली जाते. माझ्या ओळखीच्या एका इमारतीच्या अंगणात वाड्याच्या काळातली एक बकूळ आहे. तिच्याखाली रोपवाटिकेतून आणलेल्या हिरवळीच्या पट्ट्या दोनदा अंथरल्या, दोनदा त्या वाळल्या. तिसऱ्या वेळी सभेत सूचना आली की बकुळीच्या अंगणाकडच्या फांद्याच उतरवू या. परदेशी मुलाकडे राहून आलेल्या एका काकांनी दाखला दिला, “तिकडे गोल्फच्या मैदानावर गवतासाठी झाडं काढतात हो, मी डोळ्यांनी पाहिलंय.”

काकांनी पाहिले ते खरेच होते. पण तिथला सूर्य १० अंशांवर होता आणि आपला ४८ वर. तिथे झाड गवताचे ऊन चोरते, इथे ते माणसाचे ऊन अडवते. दाखला घेताना त्याचा अक्षांशही घ्यायला हवा!

एका बाजूच्या फांद्या उतरवणे तर दुहेरी घातक. झाड ही एक तोललेली वस्तू आहे. एका अंगाचा भार काढला की गुरुत्वमध्य दुसरीकडे सरकतो, मुळांवर सतत एका दिशेने ओढ बसते, आणि मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात असेच झाड आधी पडते. हिरवळीच्या पट्ट्यांखाली वीतभर लाल माती पसरतात, तीही बुंध्याशी चढवली की झाडाचा श्वास कोंडतो. कारण अन्नपाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे वरच्या फूट-दोन फुटांतच असतात आणि त्यांना हवा लागते. महाराष्ट्रात झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पण बुंध्याशी माती किंवा फरशी दाबून झाड हळूहळू मारायला कोणी परवानगी मागत नाही, हे दुर्दैव.

बकुळीखाली काय ठेवावे? तिचाच पालापाचोळा. तो ओल धरतो, कुजून खत होतो, आणि सकाळी त्यावर फुले पडतात ती वेचायला मिळतात. अस्वच्छ दिसते असे ज्यांना वाटते, त्यांनी कडेने विटांची एक ओळ लावावी.

शाळेच्या मैदानाचा विचार मात्र निराळा. तिथे मधोमध हरळी असू द्या, भरपूर ऊन लागू द्या. गवत कापताना उंचीच्या एकतृतीयांशाहून जास्त कापू नका. गोल्फच्या खळग्याभोवतीचे गवत तीन-चार मिलिमीटर ठेवतात खरे, पण त्यासाठी रोज यंत्र आणि रोज पाणी लागते. पाने जितकी आखूड, तितकी मुळेही वरवरची राहतात. वाढू दिलेल्या हरळीची मुळे मीटरभर आणि त्याहूनही खोल जातात. उन्हाळ्यात ती पिवळी पडेल. पडू द्या! ती मेलेली नसते, झोपलेली असते. पहिल्या वळवाच्या सरीनंतर आठवडाभरात पाहा. झाडे लावायची ती मैदानाच्या पश्चिम कडेला. म्हणजे गवताला सकाळ-दुपारचे ऊन मिळेल आणि चारनंतर तुम्ही खेळायला याल तेव्हा तुमच्यावर सावली असेल.

हल्ली तुम्ही ज्याला ‘टर्फ’ म्हणता त्या प्लॅस्टिकच्या गवताविषयीही मला विचाराल. त्याला पिण्यापुरते पाणी लागत नाही हे खरे. पण त्यातून पाणी उडत नाही, म्हणजे उष्णता बाहेर न्यायला काहीच नाही. भर दुपारी त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर तापू शकतो. रात्री दिव्यांखाली खेळायला ठीक. शाळेतले मातीचे मैदान उखडून ते घालणे मला पसंत नाही.

माझे म्हणणे नुसते मानू नका, मोजा. एका दुपारी तीन ठिकाणी जमिनीलगत तापमापी ठेवा: झाडाखाली, हरळीवर आणि फरशीवर. उघड्यावरच्या दोन तापमापींवर पुठ्ठ्याची छोटी आडोशी धरा, नाहीतर त्या हवेऐवजी उन्हालाच मोजतील. दोन सारख्या बश्यांत सारखे पाणी घालून एक सावलीत, एक उन्हात ठेवा आणि संध्याकाळी मोजपात्राने उरलेले पाणी मोजा. आणि २२ डिसेंबरला शाळेच्या मैदानात १ मीटरची काठी ओळंब्यात उभी करा. पुण्याचा खरा मध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही. त्या दिवशी तो साधारण १२ वाजून ३३ मिनिटांनी होतो. तेव्हाची सावली ९० सेंटिमीटर भरायला हवी. भरते का, ते मला कळवा. गावाचे नाव लिहायला विसरू नका, कारण नागपूरची आणि सावंतवाडीची सावली निराळी येईल.